न पाहिलेले सहा सिनेमे

गया, माझ्या सगळ्यात आवडत्या दहा सिनेमांपैकी सहा मी पाहिलेलेच नाहीत.

हे तुला सांगून काय मतलब, असं तू म्हणशील. तुला ते माहीतच होतं. तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, आणि तू जाऊन आज नऊ दिवस झाले. म्हणजे मी गप्प बसले असते तर सहाच्या सहा सिनेमे माझ्या नावावर कायमचे खपून गेले असते. तसे ते खपलेलेच आहेत. नातवंडं चारचौघांत सांगतात, आमच्या आजीला सिनेमातलं फार कळतं. आजीही मान हलवते. वय बहात्तर झालं तरी ही खोड गेली नाही.

पण येत्या रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मला काहीतरी वाचायचं आहे, आणि तुझ्या लेकीनं, सुजातानं, मला अशा जागी आणून बसवलंय की तिथून खोटं बोलून उठता येत नाही. ती पोरगी तुझ्यावरच गेली आहे.

तू आणि मी एकाच गावच्या, पण तुमची वस्ती ओढ्याच्या पलीकडं. माझ्या लग्नाला वर्ष झालेलं, वय अठरा, आणि तोरा असा की ओढ्यापलीकडच्या एकाही बाईचं नाव मला ठाऊक नव्हतं. पंधरा एकराच्या घरची सून होते ना मी. त्या वर्षी पंधरा एकरांत हिरवी काडी नव्हती. विहिरीत पोहरा टाकला की दगडावर आपटल्याचा आवाज यायचा. बैल चारा-छावणीला गेले, आणि एक दिवस मामंजींनीच आम्हा सुनांना सांगितलं, "दुष्काळी कामावर जावा. पर आपल्या गावच्या नको. मुरुडकडच्या जावा, तितं कुनी वळखत न्हाई."

म्हणून मी मुरुडजवळच्या त्या खडीच्या ढिगावर तोंड पदरात बुडवून बसले. हातोडा दगडापेक्षा माझ्याच बोटांवर जास्त पडत होता. तू तुझ्या मामाकडं मुरुडला राहायला आली होतीस आणि नेमकी माझ्या शेजारी बसली होतीस.

"वैनी, पदर वर घ्या. डोळे झाकून दगड फुटत न्हाई."

मी दचकले. "तू आमच्या गावची का गं?"

"हाव."

"गावात सांगशील?"

"काय सांगू? का वैनीला हातोडा धरता येत न्हाई म्हनून?"

तुझ्या पलीकडच्या दोघी हसल्या. मला राग आला. मग तू सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा काढून माझ्या बोटाला गुंडाळलास, आणि गावात शेवटपर्यंत कुणाला काही सांगितलं नाहीस. पुढं मी कुणालाही सांगितलं नाही, पण ते वेगळ्या कारणानं.

तुझा मामा तंबूतल्या टूरिंग टॉकीजचं इंजिन चालवायचा. दुष्काळाचं वर्ष, पण कामावरच्या माणसांना मजुरी मिळायची, म्हणून टॉकीजवाल्यानं तंबू तिथंच ठोकलेला. तुला तिकीट लागत नसे. दुसऱ्या दिवशी दुपारी कामावर मिळणाऱ्या सरकारी सुकडीचे वाडगे घेऊन आम्ही सगळ्या बाभळीखाली बसलो की तू कालचा सिनेमा सांगायचीस.

सांगायचीस हा शब्द कमी पडतो. तू उभी राहायचीस. शिंपी व्हायचीस, त्याची आई व्हायचीस, मग शिवणयंत्रही व्हायचीस. तुझा उजवा पाय खाली टकटक चालायचा, आणि त्या आवाजावरून आम्हाला कळायचं की शिंपी आज खुशीत आहे का दुःखात. तो शिंप्याचा सिनेमा तीन दुपारी पुरला. ज्या मुलीवर त्याचं मन बसलंय, तिचंच लग्न दुसऱ्याशी ठरतं, आणि तिची लग्नाची चोळी शिवायला त्याच्याकडं येते. तो माप घ्यायला नको म्हणतो. "माप मला पाठ हाय," एवढंच म्हणतो. तू हे म्हणालीस तेव्हा सुकडी खाणाऱ्या पंधरा-वीस बायकांपैकी एकीचाही वाडगा वाजला नाही.

त्या वर्षी माझ्या पोटात काय गेलं ते मला आठवत नाही. त्या शिंप्यानं चोळीचा दोरा दातानं तोडला, ते आठवतं.

एक गोष्ट तेव्हाही सगळ्यांना दिसत होती. तुझा शिंपी कात्री डाव्या हातात धरायचा. नावाडी वल्हं डाव्या हातानं मारायचा. रेल्वेच्या फाटकावरचा तो म्हातारा, मुका मास्तर, भांडणाऱ्या दोघी बहिणी, सगळी माणसं डावरी. सुरी लागली तर छातीच्या उजव्या बाजूला लागायची. दगड मात्र तू उजव्या हातानं फोडायचीस. आमच्यातल्या एका म्हातारीनं एकदा विचारलंही, "गये, ही समदी डावरीच कशी गं?"

"सिनेमातली मान्सं हायती मावशी, त्यांचं न्यारंच असतंय."

म्हातारीचं समाधान झालं. आमचंही झालं. सिनेमाचं नाव विचारलं तर म्हणायचीस, "नावाला काय करतेव? शिंप्याचा हाय." म्हणून इथंही मी तेच नाव ठेवलंय. खरं नाव मी पुढं पोस्टरवरून हुडकून काढलं, पण त्या नावानं मी जे केलं ते वाचून तू मला माफ केलं होतंस का, हे मला अजून माहीत नाही.

पाऊस झाला, काम बंद पडलं, मी परत पंधरा एकराची सून झाले. गावात तू समोरून आलीस की मी नजरेनं थोडंसं हसायचे. थोडंसंच. दुसऱ्या कुणाला दिसणार नाही एवढं.

मग आमच्या ह्यांची मास्तरकी लातुरात आली आणि थोड्या वर्षांत लातूरचा वेगळा जिल्हा झाला. पेढे वाटले. भाड्याच्या घरांवर ऑफिसांच्या नव्या पाट्या लागल्या, हात लावला तर बोटाला रंग लागेल अशा. त्यातल्याच एका ऑफिसात तू शिपाई म्हणून लागलीस. गोलाईच्या बाजारात भाजी घेताना तू मला गाठलंस.

"वैनी, वळखू आलं का?"

आपण चहा घेतला. तू ऑफिसातल्या साहेबाची नक्कल केलीस, कागदावर सही करायच्या आधी तो पेन कसा हवेत फिरवतो त्याची, आणि माझ्या नाकात चहा गेला. किती बरं वाटलं होतं. तेवढ्यावर थांबले असते तर?

नव्या जिल्ह्यात एक नवं साप्ताहिक निघालं होतं. त्यांनी वाचकांकडून लेख मागवले, 'माझा सर्वांत आवडता सिनेमा'. मी तीन दिवस दार लावून लिहीत होते. तो लेख आता वाचला तर त्या बाईला दोन चापटा माराव्यात असं वाटतं. "मी अंधारात बसले होते आणि माझ्या डोळ्यांसमोर रुपेरी पडदा उजळला," असं लिहिलंय. कुठला अंधार आणि कसला पडदा? भर दुपारी बाभळीखाली बसले होते, समोर तू होतीस. पुढं तर कहर आहे. "नियतीने ज्याच्या आयुष्याचे अस्तरच उलटे शिवले, त्या नायकाला दिग्दर्शकाने डावखुरा दाखवावे, हे केवढे सूक्ष्म!" त्या 'सूक्ष्म'वर मी फार खूश होते. ह्यांना दोनदा वाचून दाखवलं. तुझं नाव लेखात कुठंच नव्हतं. विसरले असं मी म्हणणार नाही. घालावं की नाही याचा मी विचार केला होता, आणि घातलं नव्हतं. तुझं नाव घातलं तर तू कुठं भेटलीस ते लिहावं लागलं असतं, आणि पंधरा एकरवाली खडी फोडत होती हे उघड झालं असतं. शिवाय, खरं सांगते, लेख एकटीच्या नावावरच छान दिसत होता.

लेख छापून आला. खाली 'सौ.' लावलेलं माझं नाव. महिला मंडळानं सत्कार ठेवला, एका प्राध्यापकांना पाहुणे म्हणून बोलावलं. मी जरीची साडी नेसले. कार्यक्रमाच्या आधी दारात बायकांच्या घोळक्यात उभी असताना तू आलीस, ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढून. घाईनं आल्यामुळं घामेजली होतीस.

"वैनी, एक मिनिट बाजूला या. बोलायचं हाय."

"नंतर गं, नंतर."

"आत्ताच बोलायचं हाय."

"गया, नंतर म्हटलं ना."

मला वाटलं, तू हक्क सांगायला आलीस. या बायकांसमोर म्हणशील की हा सिनेमा माझा आहे. मी तुझ्याकडं पाठ केली. तू आत जाऊन चौथ्या रांगेत बसलीस.

प्राध्यापक भले गृहस्थ होते. लेखाचं कौतुक केलं, मग चष्मा पुसत म्हणाले, "फक्त एक शंका आहे बाई. नायक डावखुरा आहे असं तुम्ही लिहिलंय. मी हा सिनेमा तीनदा पाहिला. तो उजव्याच हातानं कापड कापतो."

मागं कुणीतरी खिदळलं. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी तुझ्याकडं पाहिलं. तू खाली बघत होतीस.

त्या क्षणी मी जे म्हणाले ते पुढच्या जन्मातही मला पाठ असेल. मी हसत हसत म्हणाले, "अहो, काय झालं, आमच्या शेतावर कामाला एक बाई होती. तिनं सांगितलं, तसं डोक्यात बसलं. अडाणी माणसं ती. त्यांना डावं-उजवं कुठलं कळतंय?"

सगळे हसले. आता माझ्याबरोबर हसले, मला नाही. मी सुटले होते. कौतुक होत होतं तेव्हा सिनेमा माझा होता, चूक निघाली तेव्हा तो तुझा झाला. आणि तू अडाणी कशी गं? आपण दोघी सातवी पास. तुझं अक्षर तर माझ्यापेक्षा सुरेख.

कार्यक्रम संपल्यावर तू पायऱ्यांवर उभी होतीस. गेली असतीस तर बरं झालं असतं असं तेव्हा वाटलं. जन्मभर तू मला 'तुमी' म्हणालीस आणि मी तुला 'तू'. आता उलट करावं म्हटलं तरी इतक्या वर्षांच्या सवयीनं जीभ वळत नाही. पण त्या दिवशी, एकदाच, तू मला 'तू' म्हणालीस.

"शेत कुठलं गं तुझं? आपून दोघी सरकारच्या दगडावर व्हतो की."

मी जरीचा पदर सावरत राहिले.

"लेख आफिसात वाचला. वाचला तवाच जीव थोडा थोडा झाला. म्हनलं, वैनी चारचौघांत तोंडघशी पडनार, जाऊन सांगावं. म्या सिनेमा पडद्याच्या मागनं बघायचे. मागनं समदं उलटं दिसतंय. मला बी लातुरात आल्यावर, पुढनं बघितला तवाच कळलं."

"मागून का बघायचीस?"

"मामाचं इंजिन मागं व्हतं." तू चप्पल पायात सरकवलीस. "आन पुढं कोन बसू दिलं असतं?"

तू मला वाचवायला आली होतीस. मला वाटलं होतं तू मागायला आलीस.

"गया, मला वाटलं..." एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"काय वाटलं?"

"काही नाही."

ते वाक्य आजपर्यंत तसंच अर्धं राहिलं.

वर्षभर आपली गाठ नाही. मग एका दुपारी टॉकीजच्या बायकांच्या खिडकीपाशी तू दिसलीस. मी दोन तिकिटं काढली, तू नको म्हणाली नाहीस. तिथून पुढं चाळीस वर्षं, आधी टॉकीजमध्ये, ती बंद पडल्यावर माझ्या घरी टीव्हीवर, आपण शेजारी बसून सिनेमे पाहिले. माझ्या दहातले चार ते. पण एक गोष्ट तू परत कधी केली नाहीस. सिनेमा संपला की मी विचारायचे, कसा वाटला गं? तू म्हणायचीस, "बराच हाय." मी डिवचायचे, "तो पोलीस कसा चालत होता, दाखव की करून." तू पिशवी उचलायचीस. "तुमी बघितलाव की आता डोळ्यांनी."

मी स्वतःची समजूत घातली होती, वय झालं, नोकरीनं थकली. माणूस स्वतःची समजूत किती मन लावून घालतो. बाकीच्या तुझ्या सगळ्या गोष्टी तशाच होत्या. माझ्या बाळंतपणाला तू आलीस, हे गेले तेव्हा तीन दिवस रजा टाकून घरी राहिलीस. फक्त माझ्यासमोर उभी राहून कुणाची नक्कल तू पुन्हा केली नाहीस. चाळीस वर्षांत एकदाही मी म्हणाले नाही, की गया, त्या दिवशी मी हलकटपणा केला. रोज म्हणता आलं असतं. प्रत्येक वेळी वाटायचं, आता जुनं कशाला काढा, तिला वाईट वाटेल. वाईट मला वाटणार होतं, म्हणून मी काढत नव्हते.

परवा सुजाता आली. हदगावला ती शिक्षिका आहे आणि शेवटची दोन वर्षं तू तिच्याकडं होतीस, हे रविवारी येणाऱ्या सगळ्यांना माहीत असेल. तिनं पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत माझा लेख. पिवळा पडलेला, घडीवर चिरलेला. तुझ्या पेन्शनच्या कागदांत सापडला म्हणाली.

"मावशी, रविवारी मी हाच वाचून दाखवते. आई म्हणायची, वैनीसारखा सिनेमा कुणाला सांगता येत नाही. तुमच्या दोघींचं किती होतं, ते लोकांना कळू दे."

गया, तू घरी असं सांगितलं होतंस? मला झाकलंस, तेही माझ्याच चोरीचं पांघरूण घालून? का ही तुझी मस्करी होती? तू नक्कल करताना तुझा चेहरा हलत नसे, त्यामुळं मला नक्की कळत नाही.

मी म्हणू शकले असते, वाच बाई. तोंडात तेच आलंही होतं. पण ती पोरगी तो चिरलेला कागद तळहातावर असा धरून बसली होती की मी म्हणाले, "सुजाता, हा वाचू नकोस. हा तुझ्या आईचा सिनेमा आहे. मी चोरलाय." मग सगळं सांगितलं. बाभूळ, डावरा शिंपी, चौथी रांग, 'अडाणी माणसं'. काही गाळलं नाही. मधे एकदा मी सवयीनं हसवायला गेले. ती हसली नाही.

ऐकून झाल्यावर तिनं त्या चिरलेल्या कागदाची घडी नीट केली. मला वाटलं रागावेल. तसं झालं असतं तर सोपं होतं.

"आईनं आम्हाला कधी साधी गोष्टसुद्धा सांगितली नाही मावशी," ती म्हणाली. "लहानपणी आम्ही मागं लागायचो. ती म्हणायची, मला न्हाई येत, झोपा. आम्हाला खरंच वाटायचं, तिला येत नाही."

मला इतकी वर्षं वाटत होतं की मी तुझा एक सिनेमा घेतला. एवढंच.

सुजातानं कागद परत पिशवीत घातला आणि म्हणाली, "रविवारी हे वाचायचं नाही. तुम्ही आत्ता सांगितलं ते लिहा, आणि तुम्हीच वाचा." चहा तसाच ठेवून गेली.

म्हणून हे लिहिलं. काल तिला बोलावून दाखवलं. माझ्या पलंगाच्या कडेला बसून, हातात लाल पेन घेऊन, शाळेतल्या निबंधासारखं तिनं ते वाचलं. एकही चूक काढली नाही. फक्त एक शब्द खोडला, चार ठिकाणी. मी तुला जिथं जिथं माझी मैत्रीण म्हटलं होतं, तिथला तेवढाच शब्द.

"मग तिथं काय लिहू?" मी विचारलं.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "तुम्ही होता तिथं."

गया, रात्रभर मी दुसरा शब्द शोधला. सकाळी उठून कागद नव्यानं उतरवून काढला. त्या चार जागी काही घातलं नाही. वाक्यं तेवढी जुळवून घेतली.